माणसं उतरली का?

काम तसं एका सहीचं होतं. जूनची पंधरा तारीख होती, पावसाचा पत्ता नव्हता, आणि अमेय पैठणकर उस्मानपुऱ्यातल्या घरून डबा घेऊन निघाला तो वेरूळच्या रस्त्याने विजेच्या उपकेंद्रावर पोचेपर्यंत बाराचा सुमार झाला. सकाळीच अनंतरावांचा, म्हणजे त्याच्या वरिष्ठांचा, फोन आला होता.

"परवा चौकशी समितीची शेवटची बैठक आहे. त्यांना आपल्याकडून एकच कागद हवाय. अपघाताच्या दिवशी उपकेंद्रातली सगळी घड्याळं बरोबर चालत होती, एवढंच. तू तपास, सही कर आणि मोकळा हो."

मोकळा हो. म्हणणाऱ्याचं काय जातं.

भुताखेतांना रात्रच लागते, असं आपण उगाच धरून चालतो. जुनी माणसं भर दुपारीही पोरांना घराबाहेर पडू देत नसत, ती काही सगळीच्या सगळी अडाणी नव्हती. मराठवाड्यातली उन्हाळी दुपार एकदा माळावरच्या उपकेंद्रात काढून बघावी. बाहेर गिट्टीवर ऊन असं पडलेलं असतं की डोळा ठरत नाही. ट्रान्सफॉर्मरचा एकसुरी हूं... हूं... आवाज चालू असतो आणि तापलेल्या तेलाचा वास दाराच्या फटीतून आत येतो. माणूस नावाला नसतो. नियंत्रण कक्षात एसीचा गारवा आणि पडद्यांचा निळा उजेड. पाळीवरचा ऑपरेटर जेवायला गेला होता. अमेय त्याच्या खुर्चीत बसला.

त्या खुर्चीत तो नऊ मेनंतर पहिल्यांदाच बसत होता.

नऊ मेला झालं होतं ते असं. लाइनची दुरुस्ती चालली होती. राजकुमार लाइनमन आपली चार माणसं घेऊन खांबावर होता. नियम असा आहे की काम संपलं की परमिटचा कागद सही होऊन परत यायला हवा आणि मगच लाइन चालू करायची. रीत वेगळी होती. वायरलेस सेटवरून तोंडी विचारायचं आणि कागद मागाहून, चहाच्या वेळी भरायचा. सगळेच असं करत. त्या दिवशी ऑपरेटर जेवायला गेलेला, कारखान्यांचे फोनवर फोन, आणि खुर्चीत अमेय. त्याने माइकचं बटण दाबून विचारलं, "राजकुमार, माणसं उतरली का?"

सेटमधून उत्तर आलं, "व्हय..."

अमेयने ब्रेकर लावला, लाइनमध्ये वीज सोडली. दोन वाजून सतरा मिनिटं, सहा सेकंद.

राजकुमार वर होता.

चौकशीत सगळं त्या एका शब्दावर येऊन थांबलं. ध्वनिमुद्रणात तो स्पष्ट होता. मयताने स्वतः होकार दिला, म्हणजे चूक मयताची. नियम मोडल्याबद्दल अमेयला समज मिळणार होती, पण माणूस मारल्याचा ठपका नव्हता. रात्री अंथरुणावर पडलं की तो स्वतःला हेच सांगे. व्हय म्हणाला ना? म्हणाला. मग झालं तर.

पण झोप काही येत नसे.

तर ते घड्याळांचं काम. अशा उपकेंद्रात छपरावर एक मुख्य घड्याळ असतं. ते उपग्रहाकडून वेळ घेतं आणि नेटवर्कवरून सगळ्या यंत्रांना वाटतं. नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्याला, मग तो सेटवरचा आवाज का असेना, तिथे पाकीटच म्हणतात. पाकीट पोचलं की त्यावर वेळेचा ठप्पा बसतो. आता टपाल कचेरीत पत्र खिडकीत पडताक्षणी ठप्पा बसला तर ती वेळ खरी. कारकून चहा पिऊन आल्यावर बसला तर ती वेळ कारकुनाची. संगणकाचं तसंच आहे, त्याच्याही मागे शंभर कामं असतात. म्हणून इथे नेटवर्कचं कार्डच ठप्पा मारतं. तारेवरून पाकीट आत आलं की त्याच क्षणी, आणि बाहेर गेलं की त्याच क्षणी. त्यात कुणाचा हात नाही आणि कुणाची लबाडी चालत नाही. फक्त एक चाळणी लावलेली असते. घड्याळाची पाकिटं तेवढी निवडून त्यांना ठप्पा द्यायचा. बाकीची तशीच आत सोडायची.

अमेयने एकेक यंत्र तपासलं. घड्याळं ठणठणीत होती. शेवटी चाळणी बंद करून पुन्हा लावायची म्हणून त्याने आज्ञा टाइप केली, आणि 'घड्याळ' ऐवजी हात गेला 'सगळं' वर. चाळणी सताड उघडली. आता येईल त्या पाकिटावर ठप्पा. पडद्यावर ओळींचा पूर लोटला. तो चूक सुधारणार, तेवढ्यात एक ओळ गेली आणि त्याचा हात तिथेच राहिला.

दोन वाजून सतरा मिनिटं, सहा सेकंद. आवाजाचं पाकीट. पाठवणारा, सेट क्रमांक सात.

सात नंबरचा सेट राजकुमारच्या कमरेला होता. जळून त्याचा कोळसा झाला होता, आणि तो कोळसा पोलीस ठाण्यात लाखेच्या मोहोरेखाली होता.

अमेय उठला, पाणी प्यायला आणि परत बसला. काहीतरी बिघाड असेल, म्हणाला. नोंदी ठेवणाऱ्या यंत्रात तीन महिन्यांची सगळी पाकिटं साठलेली असतात, ठप्प्याची आणि बिनठप्प्याची. त्याने सात नंबरची शोधून काढली. दहा मेला एक. अकरा मेला एक. बारा मेला एक. रोज एकच, रोज दोन सतराला. आजचं धरून सदतीस.

एका पाकिटात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतका आवाज मावतो. नुसतं एक ऐकलं तर टिचकी मारल्यासारखं वाटतं. अमेयने सदतीसच्या सदतीस एकापुढे एक जोडली आणि कानाला हेडफोन लावला. पाऊण सेकंदसुद्धा नव्हतं ते.

"...माणसं उतर..."

आवाज राजकुमारचा होता. मागे माळावरचा वारा होता.

अमेयने ते नऊ मेच्या मुद्रणाला जोडून पाहिलं. कुठे सांधा नाही, कुठे खरखर नाही. 'व्हय'च्या पुढे ते असं बसलं, जसं त्याच्यासाठीच जागा सोडलेली. व्हय, माणसं उतर... मेलेला माणूस आपलं तोडलेलं वाक्य पुरं करत होता. रोज एक पाकीट.

बाहेर ट्रान्सफॉर्मर हूं... हूं... करत होता. पुढचे शब्द अजून आलेले नव्हते, पण ते काय असणार हे त्याला खुर्चीत बसल्या बसल्याच कळलं. राजकुमार आपल्या हाताखालच्यांना 'माणसं' म्हणायचा. 'माझी माणसं जेवली', 'माझी माणसं दमली.' त्या माणसांत तो स्वतःला कधी धरत नसे. सगळ्यांना उतरवून अर्थिंगचे शेवटचे दांडे काढायला तो एकटा मागे राहायचा, आणि हे उपकेंद्रातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. अमेयने विचारलं होतं, माणसं उतरली का. त्याला खरं उत्तर मिळालं होतं. त्याने ते पुरतं ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो छावणीजवळच्या कार्यालयात अनंतरावांसमोर उभा राहिला. अनंतराव वाईट माणूस नव्हे. त्यांनी शांतपणे ऐकलं, हेडफोन लावून आवाजही ऐकला आणि चष्मा पुसला.

"ठप्पा कालचा आहे ना, अमेय?"

"हो."

"आणि कार्डाचा ठप्पा खोटा नसतो."

"नसतो."

"मग कालचा आवाज नऊ मेचा पुरावा कसा होईल? ते म्हणतील, घरी बसून बनवलं. नाहीतर म्हणतील, घड्याळं चुकतात. आणि घड्याळं बरोबर आहेत अशी सही तर तूच करणार." त्यांनी कागद पुढे सरकवला. "घरी आई आहे तुझी. सही कर, बाळा."

अमेयने सही केली. सही करताना हात कापला नाही, याचं त्याला नंतर फार वाईट वाटलं.

बैठकीच्या दिवशी दाराबाहेरच्या बाकावर दीपमाला बसली होती. राजकुमारची बायको. वेरूळजवळच्या गावाहून पहाटेच्या गाडीने आली होती. अमेयला बघून ती उठली.

"साहेब, एक इचारू का? ते पुढं काय म्हणले वो?"

"पुढे...?"

"व्हयच्या पुढं. ते एका शब्दात कधी बोलले नाय. पानी मागायचं तर चार वाक्यं लागायची त्यास्नी. गावात समदे म्हणत्यात, राजकुमारनं सोताच व्हय म्हणून जीव दिला. माझी पोरगी शाळंत जाईना झाली, साहेब. पुढं कायतरी म्हणले असतीलच की."

अमेयच्या खिशात, मोबाइलमध्ये, ते पाऊण सेकंद होतं. खिशात हात घालायचा अवकाश होता.

"नाही," तो म्हणाला. "तेवढंच म्हणाले."

दीपमालाने मान हलवली आणि परत बाकावर बसली. ती रडली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

आत काकासाहेबाची साक्ष चालू होती. राजकुमारच्या चार माणसांतला हा सगळ्यात वयस्क, खांबाखाली उभा असलेला.

"झटका बसला, जाळ झाला, राजू तसाच वर लटकला. आन् मंग... त्याच्या कमरंचा सेट बोलला, साहेब."

"काय बोलला?" अध्यक्षांनी विचारलं.

"'उतर रे, राजकुमार, उतर.' ह्या साहेबाचा आवाज हुता. ह्या पैठणकर साहेबाचा. रडत हुते."

खोलीत कुणीतरी खाकरलं. सगळ्यांनी अमेयकडे पाहिलं.

"मी असं काहीही बोललो नाही," अमेय म्हणाला. आणि हे मात्र अक्षरशः खरं होतं. "मुद्रणातही नाही. शिवाय राजकुमार वयाने मोठे. मी त्यांना कधीच अरे-तुरे करत नव्हतो. कुणालाही विचारा."

"ते बी खरंच हाय," काकासाहेब म्हणाला. "म्हणून तर ध्यानात राह्यलं."

"माणसाला धक्का बसला की काहीबाही ऐकू येतं," अध्यक्ष म्हणाले, आणि काकासाहेबाचं ते वाक्य कागदावरही आलं नाही. अहवाल झाला. चूक मयताची.

इथे गोष्ट संपती तर जग जसं चालतं तसंच ते झालं असतं. पण सात नंबरचा सेट काही अहवाल वाचत नाही.

अमेयने आपली बदली उपकेंद्रावरच मागून घेतली. लोकांना वाटलं, पश्चात्ताप. काहींना वाटलं, डोकं फिरलं. रोज ऑपरेटर जेवायला गेला की तो खुर्चीत बसे. चाळणी उघडी. दोन सतराला एक ओळ. एक टिचकी. ती तो आदल्या टिचक्यांना जोडी. पाऊस आला, माळ हिरवा झाला, पोळा झाला, गणपती आले नि गेले. सुट्टी घेतली नाही, एका लग्नाला गेला नाही. आई म्हणायची, "अरे, तुझ्या तोंडाकडे बघवत नाही." जुलैत वाक्य 'उतरली समदी' पर्यंत आलं. ऑगस्टमध्ये 'मी हाय वर'.

त्या दिवशी तो पुन्हा अनंतरावांकडे गेला. अहवाल परत उघडा म्हणाला, वाटलं तर मला आत टाका म्हणाला. अनंतरावांनी त्याच्याच सहीचा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. घड्याळं बरोबर आहेत. म्हणजे आवाज ऑगस्टचा आहे. म्हणजे तो राजकुमारचा नाही.

"फाइल बंद झाली, अमेय," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण भरलेल्या डोळ्यांनी फाइल उघडत नसते.

मग तो दीपमालाच्या गावी गेला. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, गावाच्या बोलण्याला कंटाळून पोरीला घेऊन ती गेली. कुठे गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं.

सप्टेंबर सरत आला. वाक्य संपलं असेल असं त्याला वाटलं होतं, पण पाकिटं येतच राहिली. 'मी हाय वर'च्या पुढे थोडा वारा, थोडा श्वास. आणि मग नवे शब्द फुटायला लागले.

"...उतरू..."

पुढच्या दिवशी त्याला 'क'ची खरखर जोडली गेली. उतरू क...

उतरू का. दुसरं काय असणार? राजकुमार वरून विचारत होता. अजून वरच होता तो, आणि खालून हो म्हणायची वाट बघत होता. अमेयचा हात माइकच्या बटणावर गेला आणि थबकला. नाही. एकदा अर्धं वाक्य ऐकून याच हाताने काय केलं ते पुरे झालं. उद्याचं पाकीट येऊ दे. प्रश्न पुरा होऊ दे, मगच उत्तर द्यायचं. इतकं शहाणपण त्याला आता आलं होतं. त्या रात्री तो कित्येक महिन्यांनी झोपला.

दुसऱ्या दिवशी दोन सतराला ओळ आली. त्याने ती जोडली. वाक्य पहिल्यापासून ऐकलं.

"व्हय... माणसं उतरली समदी. मी हाय वर. उतरू का?"

अमेयने सात नंबर लावला आणि बटण दाबलं. म्हणायचं ते त्याने मनात पाठ केलं होतं. 'राजकुमार, तुम्ही उतरा. सावकाश उतरा. मी थांबलोय.' पण तोंड उघडलं आणि चार महिन्यांचं सगळं एकदम बाहेर पडलं, तो लहान पोरासारखा ओरडला. ओरडतच राहिला. मग बटण सुटलं, हात खाली पडला, आणि खोलीत फक्त एसीचा आवाज उरला.

कार्ड जाणाऱ्या पाकिटावरही ठप्पा मारतं. ओळ पडद्यावर येऊन थांबली होती. त्याने डोळे पुसून वाचली.

नऊ मे. दोन वाजून सतरा मिनिटं, सहा सेकंद.

त्याने ब्रेकरची नोंद काढून शेजारी लावली. त्याच दिवशीची, त्याच मिनिटाची, त्याच सेकंदाची. ब्रेकर आधी लागला होता. अमेयचा आवाज त्याच्यामागून गेला होता, सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने.

एका पाकिटाचा उशीर. एका दिवसाचा.

तेव्हा तो थांबला नव्हता आणि काल तो थांबला होता.

ऑपरेटर परत आला, दारात उभा राहिला. "साहेब, काय झालं? रडताय काय? बाहेर गिट्टीपर्यंत आवाज येत होता तुमचा."

"काय म्हणत होतो मी?" अमेयने विचारलं.

ऑपरेटर संकोचला. "ते... राजकुमारचं नाव घेत होतात. 'उतर रे, राजकुमार, उतर.' नवल वाटलं. तुम्ही तर त्याला अहो-जाहो करायचात ना..."

अमेयने चाळणी बंद केली. घड्याळाची पाकिटं तेवढी, बाकी काही नको. कार्डाची तारही उपसून टेबलावर ठेवली. संध्याकाळपर्यंत तो तिच्याकडे बघत बसला, मग घरी गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तार टेबलावर तशीच पडलेली होती. दोन सतराला पडद्यावर ओळ उमटली. सेट क्रमांक सात, आणि त्यावर कार्डाचा ठप्पा, तोही त्याच दिवसाचा. अमेयने हेडफोन लावला. आत एकच टिचकी होती, पण इतके महिने ऐकून ऐकून त्याला आता एका टिचकीवरून अक्षर ओळखू येत असे.

'व्ह' होता तो.